वारसा-परिसर नियोजन, नांदत्या वस्तीतील

ऐतिहासिक, धार्मिक किंवा वास्तुशिल्पीय महत्त्वाचे स्थळ आणि त्याला लागून असलेली राहती वस्ती यांचा एकत्र विचार करून त्या भागाचे जतन, बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूंची व पर्यटकांची सोय आणि रहिवाशांचे दैनंदिन जीवन या तिहींची सांगड घालणारे नगररचनेचे एक अंग. अजिंठ्याच्या लेण्यांसारखी स्थळे वस्तीपासून दूर असल्याने त्यांना कुंपण घालता येते, प्रवेशाची वेळ ठरविता येते आणि वाहनतळ हव्या त्या अंतरावर नेता येतो. नांदेड, पैठण, तुळजापूर, पंढरपूर किंवा औसा येथे मात्र स्मारक आणि घर यांच्यात पुष्कळदा एका बोळाचेच अंतर असते. तेथील वारसा केवळ दगडी इमारतीत सामावलेला नसतो. पालखीचा ठरलेला मार्ग, फुले पुरविणारा माळी, उत्सवाचे मानकरी, वेशीतला आठवड्याचा बाजार, नदीवर उतरणारी पायवाट हेही त्याचे घटक असतात व त्यांतील बहुतेकांची नोंद कोणत्याही शासकीय यादीत नसते. म्हणून अशा नियोजनाची कसोटी स्मारक किती उजळले यापेक्षा परिसरातील जुनी कुटुंबे तेथेच राहू शकली किंवा नाही, या प्रश्नावर अधिक अवलंबून असते.

एकेकट्या वास्तूऐवजी संपूर्ण परिसर जपावा, ही कल्पना यूरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर कायद्यात उतरली. फ्रान्समध्ये १९६२ साली आंद्रे मालरो हे सांस्कृतिक मंत्री असताना संरक्षित नागरी विभागांचा कायदा झाला; ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने जतन-क्षेत्रे घोषित करण्याची तरतूद केली. पॅरिसमधील मारे हा भाग फ्रेंच कायद्याखाली आला व तेथील जुनी घरे वाचली. परंतु दुरुस्तीनंतर भाडी चढली आणि कारागीर व कष्टकरी कुटुंबे हळूहळू बाहेर पडली. इटलीतील बोलोन्या नगराने १९७० च्या दशकात यापासून धडा घेऊन वेगळा मार्ग स्वीकारला. सार्वजनिक गृहनिर्माणाचा निधी शहराच्या कडेला नव्या इमारती उभारण्याऐवजी जुन्या पेठेतील घरांच्या दुरुस्तीसाठी वापरावा आणि मूळ रहिवाशांना परवडणाऱ्या भाड्याने तेथेच ठेवावे, असे त्या योजनेचे सूत्र होते. यूनेस्कोने १९७६ साली नैरोबी येथील अधिवेशनात ऐतिहासिक क्षेत्रांविषयी जी शिफारस स्वीकारली, तीतही इमारतींइतकेच मानवी व्यवहारांना परिसराचा अविभाज्य भाग मानले आहे.

भारतात केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा व महाराष्ट्र राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा अधिनियम आहे. केंद्रीय अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मी.पर्यंत नवीन बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मी.च्या पट्ट्यात परवानगीने बांधकाम करता येते. हा नियम मोकळ्या माळावरील लेण्याला जितका सोयीचा, तितकाच दाट गावठाणात जाचक ठरतो. कारण वर्तुळाच्या आत सापडलेल्या कुटुंबाला साध्या दुरुस्तीसाठीही परवानगीची वाट पाहावी लागते आणि माळवदाचे घर वाट पाहत नाही, ते एका पावसाळ्यात खचते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये होणाऱ्या विकास योजनांमध्ये वारशाचा विचार प्रथम ठळकपणे झाला तो बृहन्मुंबईत. तेथे १९९५ साली लागू झालेल्या विनियमांनी वारसा-वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी केली आणि इमारतींबरोबर संपूर्ण परिसरांचीही सूची केली. मराठवाड्यातील लहान शहरांपर्यंत ही पद्धत फारशी पोहोचलेली नाही.

नांदेडचा अनुभव : नांदत्या शहरातील वारसा-परिसराच्या नियोजनाचे मराठवाड्यातील सर्वांत मोठे उदाहरण नांदेडचे आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गोदावरीकाठच्या या नगरात झाले व तत्पूर्वी त्यांनी ग्रंथसाहिबास गुरुपद दिले, अशी श्रद्धा आहे. त्या स्थानी असलेले तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक होय. सध्याच्या मुख्य वास्तूचे बांधकाम महाराजा रणजितसिंग यांच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ या काळात झाले. पंजाबातून आलेल्या व निजामाच्या चाकरीत राहिलेल्या शीख सैनिकांचे वंशज आजही नांदेडात नांदतात. दखनी शीख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजाच्या बोलण्यात पंजाबी, दखनी आणि मराठी यांची सरमिसळ आढळते. गुरुद्वाराचा कारभार हैदराबाद राज्याच्या १९५६ मधील स्वतंत्र अधिनियमानुसार चालतो. नगीना घाट, बंदा घाट, हिरा घाट, शिकार घाट, माल टेकडी, संगत साहिब अशी इतर गुरुद्वारे शहरात व आसपास विखुरलेली आहेत. त्यामुळे येथील परिसर एका आवारापुरता नाही. नदीकाठ आणि शहरातील रस्ते यांनी जोडलेली ती एक साखळी आहे.

ही साखळी नकाशावर रेखाटता येत असली, तरी ती चालण्यातून टिकलेली आहे. दररोज पहाटे एक सेवेकरी गोदावरीतून गागर भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताच्या स्नानाचा विधी होतो. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या दिवशी नगरातील आबालवृद्ध नदीचे पाणी वाहून आणतात. शस्त्रांची स्वच्छताही त्याच वेळी होते. होळीला व दसऱ्याला निशाणसाहिब आणि घोड्यांसह हल्लाबोल मिरवणूक निघते. नदी ते तख्त ही वाट, तिची रुंदी, तिच्यावरील पायऱ्या आणि मुख्य म्हणजे नदीच्या पाण्याची शुद्धता या बाबी त्यामुळे वारशाच्या व्याख्येतच येतात. नाल्यांवाटे शहराचे सांडपाणी गोदावरीत मिसळते तेव्हा आरोग्याबरोबरच या विधीचीही हानी होते. सांडपाणी अडविणे हे येथे वास्तुजतनाइतकेच मूलभूत जतनकार्य आहे, ही गोष्ट सुशोभीकरणाच्या आराखड्यांत सहसा मागे पडते.

गुरुगादी सोहळ्याची त्रिशताब्दी २००८ साली होती. तत्पूर्वी ३ डिसेंबर २००५ रोजी केंद्र शासनाने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. त्यातील ६३ शहरांत बहुतेक महानगरे व दशलक्षाहून अधिक लोकसंख्येची शहरे होती. नांदेडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ४ लाख ३१ हजार असूनही धार्मिक महत्त्वामुळे त्याचा समावेश झाला. नांदेड-वाघाळा महानगरपालिका स्थापन होऊन त्या वेळी जेमतेम एक दशक होत आले होते. अशा तरुण संस्थेवर रस्ते, पूल, पाणीपुरवठा, मलनिःसारण, नदीकाठचा विकास, गरिबांसाठी घरकुले आणि गुरुद्वारा परिसराची पुनर्रचना ही सर्व कामे एका ठरलेल्या तारखेच्या आत पुरी करण्याची जबाबदारी आली. विमानतळही २००८ मध्येच नव्या स्वरूपात सुरू झाला.

या कामांचा लाभ शहराला निश्चित झाला. रुंद रस्ते व पूल सोहळ्यानंतरही उपयोगी पडले. एरवी मराठवाड्यातील शहराच्या वाट्याला इतका निधी आला नसता. परंतु तारखेला बांधलेल्या नियोजनाची एक अंगभूत अडचण असते. तारीख जवळ आली की ज्या कामाला केवळ यंत्रे लागतात ते आधी होते आणि ज्याला लोकांशी बोलणे लागते ते मागे राहते. गुरुद्वाराभोवतालच्या दाट वस्तीत मोकळी जागा काढणे व रस्ते रुंद करणे म्हणजे घरे आणि दुकाने हलविणे. रहिवाशाला घराच्या बदली घर देता येते; पण तख्ताकडे जाणाऱ्या वाटेवर कडी, कृपाणे, रुमाले विकणाऱ्याचे दुकान दोन किलोमीटर दूर नेले, की त्याला जागा मिळते आणि गिऱ्हाईक मिळत नाही. निवासाची भरपाई व उपजीविकेची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे २०१३ च्या भूसंपादन अधिनियमात काही अंशी मान्य झाले. त्यात जमिनीच्या मालकाबरोबरच त्या जागेवर पोट असणाऱ्या कुटुंबांचाही बाधितांत समावेश केला आहे.

यात्रेकरूंचा प्रवाह एकाच स्थानाकडे वळला, की शहराचा उरलेला वारसा अंधारात राहतो, हेही नांदेडात दिसते. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने येणारा भाविक स्थानकावरून तख्ताकडे जातो आणि बहुधा तेथूनच परततो. गोदावरीच्या काठावरील नंदगिरी किल्ला, जुन्या नांदेडातील वाडे, दर्गे, शेष घराण्यातील संस्कृत पंडितांची परंपरा यांची त्याला गंधवार्ता नसते. परिसराची आखणी करताना एखाद-दोन पायवाटा जुन्या पेठेतून नेल्या असत्या, तर तेथील चहावाल्यापासून शिंप्यापर्यंत अनेकांना सोहळ्याचा वाटा मिळाला असता.

मिळकतींचा प्रश्न : परिसर-नियोजनातील अवघड काम बहुधा चित्रकाराच्या फलकावर नसते, ते मिळकत पत्रिकेवर असते. गावठाणातील वाड्याची नोंद पुष्कळदा दोन पिढ्यांपूर्वी वारलेल्या पुरुषाच्या नावे असते. प्रत्यक्षात सात-आठ वारस, त्यांतील काही पुण्या-मुंबईस, आणि तळमजल्यावर जुना भाडेकरू, अशी स्थिती असते. मराठवाड्यात त्यात निजामकालीन इनामांची भर पडते. देवस्थान, दर्गा वा मशीद यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींवर सेवेकऱ्यांची घरे पिढ्यान्पिढ्या आहेत. हैदराबाद राज्यातील इनामे नष्ट करणारा कायदा १९५४ चा आहे. परंतु सेवा-इनामांच्या जागेवर नेमका हक्क कोणाचा, हे वाद अनेक ठिकाणी मिटलेले नाहीत. अशा जागी नुकसानभरपाईचा धनादेश काढायची वेळ आली, की ज्याचा कागद पक्का त्याला पैसे मिळतात व ज्याच्या पूर्वजांनी शंभर वर्षे दिवाबत्ती केली तो ‘अतिक्रमक’ ठरतो. म्हणून घरोघर पाहणी करून प्रत्यक्ष भोगवटा कोणाचा, व्यवसाय कोणता, वापरात किती खण आहेत, पाणी कोठून येते, याची नोंद आराखड्याआधी होणे आवश्यक असते. आराखड्यानंतर केलेली पाहणी ही केवळ पाडण्याची यादी ठरते.

रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी २०१४ च्या अधिनियमाने एक उपयुक्त तरतूद केली आहे. ज्या ठिकाणी विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत, तो बाजार वारसा-बाजार घोषित करावा व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे त्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. देवळासमोरच्या बाजाराला गर्दीचे कारण समजून उठविण्याची जी सवय नगरपालिकांना जडली आहे, तिला ही तरतूद आळा घालू शकते. तिचा वापर मात्र क्वचित होतो.

वस्ती हलविल्यास काय होते : याचे मराठवाड्यातील सर्वांत मोठे उदाहरण पर्यटनातून आलेले नाही, ते भूकंपातून आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. जाड दगडी भिंती व मातीचे जड माळवद असलेल्या घरांनीच बहुतेक बळी घेतले, त्यामुळे जुन्या पद्धतीवरचा लोकांचा विश्वास उडणे स्वाभाविक होते. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरांचे आकारमान कुटुंबाच्या शेतजमिनीवरून ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौ. फुट, मधल्या गटास ४०० व मोठ्या शेतकऱ्यांस ७५० चौ. फुट. घर सुरक्षित झाले. पण जुने गाव भावकी, आळी, देऊळ आणि विहीर यांच्याभोवती जुळलेले होते, तर नवे गाव सरळ रेषांत व वर्गवारीने मांडले गेले. गल्लीचे अंतर वाढले. जनावरांचा गोठा, कडब्याची गंज, अंगणात उखळ-जाते ठेवण्याची जागा यांचा हिशेब आराखड्यात नीटसा नव्हता. त्यामुळे लोकांनी पुढील काही वर्षांत पत्रे व भिंती घालून घरे आपल्या सवयीप्रमाणे करून घेतली. आपत्तीत स्थलांतराला पर्याय नसतो, हे खरे. यात्रेकरूंच्या सोयीसाठी वस्ती हलविताना मात्र तो असतो, म्हणूनच किल्लारीचा अनुभव वारसा-नियोजकाने समोर ठेवणे अगत्याचे आहे.

अलीकडच्या काळात मोठ्या देवस्थानांभोवती रुंद मार्गिका काढण्याकडे कल वाढला आहे. वाराणसीत काशी विश्वनाथ मंदिरापासून गंगेपर्यंतची मार्गिका १३ डिसेंबर २०२१ रोजी खुली झाली. तीसाठी सुमारे ३०० मिळकती घेण्यात आल्या व दाट गल्ल्यांचा एक भाग कायमचा गेला. पंढरपुरात तशाच प्रकारच्या योजनेस २०२२ पासून स्थानिक रहिवासी व व्यापारी यांनी विरोध केला. दर्शनाला येणाऱ्या वृद्ध भाविकाची चेंगराचेंगरीतून सुटका व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे, तशीच विठ्ठलाच्या दाराशी पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कुटुंबाची तेथेच राहण्याची इच्छाही रास्त आहे. पाडकामाचा निर्णय होण्यापूर्वी वेळेची आखणी, एकेरी वाटा, दर्शनरांगेची दूरवर व्यवस्था व वाहनबंदी हे उपाय पूर्णपणे वापरून पाहिले गेले होते काय, असा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी विचारावा लागतो.

लहान गावे : नांदेड-लातूर भागात खरी गरज मोठ्या शहरांपेक्षा तालुक्याच्या गावांना आहे. मन्याडकाठचे कंधार राष्ट्रकूटकाळापासून प्रसिद्ध असून किल्ला, तलाव व हाजी सय्याह यांचा दर्गा गावाला खेटून आहेत. औशाचा भुईकोट गावाच्या कडेलाच आहे. सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये निजामाचा जेथे पराभव केला त्या उदगीरच्या किल्ल्यात उदागीर बाबांची समाधी असून तेथे नित्य ये-जा असते. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागातील हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि जवळून जाणारा मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग, अशा जागी वसलेल्या या गावात श्री परमेश्वर मंदिर असून महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. येथे वर्षातील बहुतेक दिवस भाविक तुरळक असतात आणि यात्रेच्या काळात गावाचे रूप पालटते.

अशा ठिकाणी सर्वांत मोठ्या गर्दीचा दिवस प्रमाण मानून काँक्रीटचे प्रांगण घातल्यास उरलेले वर्षभर ते उन्हात तापत राहते, पावसाळ्यात त्यावरचे पाणी शेजारच्या जुन्या घरांच्या पायात उतरते आणि देखभालीचा खर्च नगरपंचायतीच्या अंगावर पडतो. त्याऐवजी कायम बांधायचे ते रहिवाशांच्या रोजच्या वापराच्या मापाने बांधावे व यात्रेची वाढीव गरज तात्पुरत्या सोयींनी भागवावी, ही पद्धत स्वस्त आणि परिसराला मानवणारी ठरते. गटारे झाकणे, नळाला ठरलेल्या वेळी पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे, पथदिवे या गोष्टी यात्रेकरूला जितक्या हव्या तितक्याच गावालाही हव्या असतात. यात्रेच्या दिवसांसाठी शेतात उभारलेले मंडप, गावाबाहेरचा वाहनतळ, टँकर व फिरती स्वच्छतागृहे यांना कोणाचे घर पाडावे लागत नाही. विजेच्या व दूरध्वनीच्या तारांचे जाळे मंदिराच्या दर्शनी भागापासून बाजूला नेणे, ओट्यांची उंची राखून रस्त्याची पातळी न वाढविणे, जुन्या बारवेतील गाळ काढणे ही अल्पखर्ची कामे परिसराचे रूप अधिक पालटवितात. रस्त्यावर दरवर्षी नवा थर चढवीत गेल्यामुळे घराचा उंबरा रस्त्याखाली जाणे, हा तर मराठवाड्यातील जुन्या वस्त्यांना जडलेला एक व्यापक आजारच होय.

पाणी हा या प्रदेशातील नियोजनाचा सर्वांत कठोर नियंत्रक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. नांदेडची भिस्त मुख्यतः विष्णुपुरी जलाशयावर आहे. यात्रीनिवासातील प्रत्येक खोली उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीच्या पाण्यात वाटेकरी होते. म्हणून किती यात्रेकरू मुक्कामी ठेवावेत याचे उत्तर खाटांच्या संख्येपेक्षा मे महिन्यातील जलसाठ्यावरून काढणे योग्य. मुक्कामासाठी नवीन इमारतींऐवजी जुन्या वाड्यांतील रिकामे खण वापरात आणल्यास घराच्या दुरुस्तीला कारण व पैसा दोन्ही मिळतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना याच स्वरूपाची असून तीत उत्पन्न घरमालकाच्या हाती राहते. मात्र यालाही मर्यादा आहे. पणजीतील मळा-फोंतेन्हास या रंगीत घरांच्या वस्तीत छायाचित्रे घेण्यासाठी येणाऱ्यांची झुंबड एवढी वाढली, की रहिवाशांना आपल्याच दारात बसणे नकोसे झाले व त्यांनी घरांबाहेर सूचनाफलक लावले.

आराखडा अंमलात आल्यावर तो सांभाळायचा कोणी, हा भाग लहान नगरपंचायतींत बहुधा मोकळाच राहतो. तेथे वास्तुविशारद नसतो, नगररचनाकार जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो व देवस्थानचे विश्वस्त, वक्फ संस्था, पुरातत्त्व विभाग, महसूल खाते आणि वीज मंडळी प्रत्येक जण आपापल्या हद्दीपुरते पाहतात. काही ठिकाणी या सर्वांची जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाते. तीत रहिवाशांचे, विशेषतः भाडेकरू, विक्रेते व पाणी भरणाऱ्या स्त्रिया यांचे प्रतिनिधी क्वचितच असतात. यात्राकर, वाहनतळाचे शुल्क व दुकानांचे भाडे यांतून येणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा परिसरातील घरांच्या दुरुस्तीनिधीत जमा करणे आणि गवंडी, सुतार व पाथरवट यांना त्या कामावर वर्षभर ठेवणे शक्य असते. चुन्याचा लगदा मळणारे, लाकडी खांबाला खालून नवा जोड देणारे आणि माळवदावर पांढरी माती अंथरून पन्हळी बसविणारे कारागीर या भागात अजून आहेत. त्यांतील बहुतेक आता वयस्क असून त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले थोडी आहेत.